शीव आमच्या पायाखाली

गावाचा इतिहास विचारला की लोक पाटलाच्या वाड्याचा दगडी दरवाजा दाखवतात. आमच्या वस्तीत दाखवायला दरवाजा नाही. ओढ्यापलीकडं वीस-पंचवीस घरं, एक विहार, एक निळा झेंडा. पण गावाची शीव कुठून कुठं जाते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं ते आमच्याच लोकांना. शिवेचा तंटा उठला की महाराला पुढं घालायचे. तो चालेल ती शीव. माझा आजा म्हणायचा, "समद्या गावाची शीव आमच्या पायाखाली, आन्‌ आमच्या नावावर एक बांध न्हाई."

बांध नव्हताच असं नाही. वतनाची जमीन होती, हाडकी-हाडोळा. नावातच तिची लायकी. त्या तुकड्याच्या बदल्यात वेशीची राखण, सारा तालुक्याला पोचवणं, मयताचा सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं. दिवस नाही, रात्र नाही. पाळी एकाची, बांधलेलं सगळं घर. खानदान वाढलं, तुकडा तेवढाच राहिला. खळ्यावरचं बलुतं आणि दारोदारची शिळी भाकर यावर वस्ती जगली. बावन्न हक्कांची गोष्ट आमचे म्हातारे अभिमानानं सांगायचे. बेडीला दागिना म्हणायची सवय लागली होती.

बाबासाहेबांनी बेडीला बेडी म्हटलं. 19 मार्च 1928 रोजी मुंबई कौन्सिलात त्यांनी 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. ते पास झालं नाही. 1939 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात हरेगावला वतनदार महार-मांगांची परिषद भरली. तिथंही ते याच प्रश्नावर बोलले.

कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा आला 1958 साली, बाबासाहेब गेल्यावर. वेठ कायद्यानं संपली. जमीन मात्र आपोआप आपली झाली नाही. आधी सरकारजमा, मग कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरील त्याला परत. तीही नव्या शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. कागद चांगला होता. पण रोकड कुणाकडं होती? आज्यानं आपला हिस्सा आत्याच्या लग्नात एका बागायतदाराकडं गहाण टाकलेला. अंगठा आज्याचा, मजकूर त्याचा. पुढं आजा त्याच रानात रोजानं जायचा.

6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. आजाही जेलात गेला. सरकारकडं पडीक रान मागायला गेलेल्या माणसाचं स्वतःचं रान घरापुढं दुसऱ्याच्या नांगराखाली होतं.

डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलंच झालं. पण पाटी बदलली म्हणून सातबारा बदलत नाही.

दोस्तांनो, जयंतीची मिरवणूक काढाच. पण एक दिवस तालुक्याला जा. जुने फेरफार, वतनाचं रजिस्टर, जमीन परत दिल्याचे हुकूम, यांच्या नकला मागा. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याबरोबर शिवार फिरा आणि कुठला तुकडा कुणाचा होता ते लिहून घ्या. गावाची शीव आपण राखली. आता आपली शोधू.

जयभीम.