बराकींतून उभी राहिलेली बाजारपेठ

१९४७ च्या फाळणीत पंजाब व बंगाल दुभंगले, तरी त्यांचा काही भाग भारतात राहिला. सिंध मात्र संपूर्ण पाकिस्तानात गेला. सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना स्वतःचा म्हणावा असा प्रांतच इकडे उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि आगबोटींनी मुंबई गाठणाऱ्यांचा ओघ वाढला. मुंबई त्यांना अगदीच परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीत त्यांची सोय झाली. पाच कॅम्प, लांबच लांब बराकी, आणि दोन कुटुंबांमध्ये आडोसा काय तो गोणपाटाचा! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली व उल्हास नदीवरून वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा झाला तो १९५४ साली. तोवर पोट कसे थांबणार? ना तारण, ना जामीन. अशा माणसास कोणती पेढी उधार देईल? ज्या शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या एके काळी मध्य आशियात वटत, त्याच सिंधमधील मुले लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकू लागली. स्त्रियांनी पापड लाटले, लोणची घातली.

भांडवल तुटपुंजे, म्हणून ते सतत फिरते ठेवणे भाग होते. रुपयाच्या मालावर चार आणे नफा धरून महिनाभर बसणाऱ्यास चारच आणे मिळतात. एक आणा घेऊन तोच रुपया महिन्यात आठ वेळा फिरवणाऱ्यास आठ आणे. जुन्या बाजारांतून भाव पाडल्याची ओरड झाली. ती अगदीच निराधार नव्हती. परंतु गिऱ्हाईकाने आपला कौल दिला होता. वायद्याला पैसे पोहोचू लागले, तशी कापडाची उधारीही मिळू लागली.

पुढे गजानन मार्केट व जपानी बाजार कापडासाठी नावारूपास आले. फर्निचरचा बाजार वाढला, नंतर जीन्सची शिलाई आली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सर्वश्रुत आहे. नकली मालाचा डाग त्यामागे आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या विनोदाखाली हजारो प्रामाणिक दुकानदारांची मेहनत झाकली जाते.

लग्नाचा बस्ता बांधण्यास दूरदूरची कुटुंबे तेथे जातात. दुकानांच्या पाट्यांवरील पत्ता अजूनही कॅम्प नंबरनेच लिहिला जातो.