शंभर गाण्यांचा वारसा

थोर कलावंताच्या अपत्यास वारसा मिळतो तो बहुधा नावाचा. नावाबरोबर प्रसिद्धी येते, तुलना येते आणि त्या नावाच्या सावलीत खुरटून जाण्याचे भयही येते. अमेरिकेतील कंट्री संगीताचे विख्यात गायक जॉनी कॅश यांनी आपली थोरली कन्या रोझॅन हिला नावाखेरीज आणखी एक ठेवा दिला होता. तो म्हणजे त्यांनी लिहून काढलेली शंभर गाण्यांची यादी. ती रोझॅनच्या हाती पडली १९७३ साली. तिच्यातील निवडक गाण्यांचा ‘द लिस्ट’ हा अल्बम तिने प्रसिद्ध केला तो २००९ साली. दिलेला वारसा घेण्यास तिला छत्तीस वर्षे का लागली, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

जॉनी कॅश यांचा जन्म १९३२ साली आर्कान्सा राज्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. महामंदीच्या काळात सरकारने वसवलेल्या डायस या वसाहतीत १९३५ साली हे कुटुंब राहावयास गेले. कापूस वेचताना म्हटली जाणारी गाणी, आईच्या तोंडची भक्तिगीते आणि रात्रीचा रेडिओ हीच त्या मुलाची संगीतशाळा. पुढे १९५५ साली मेम्फिस येथील सन रेकॉर्ड्सने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. १९६८ साली फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायलेल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाने त्यांची कीर्ती दूरवर पोहोचली.

कीर्तीची किंमत मात्र घराने मोजली. १९५४ साली सॅन अँटोनियो येथील एका कॅथलिक चर्चमध्ये त्यांचा व्हिव्हियन लिबर्टो यांच्याशी विवाह झाला होता. वधूचे धर्मगुरू असलेले काका यांनीच तो लावला. पुढच्याच वर्षी रोझॅन जन्मली आणि तिच्या पाठीवर तीन बहिणी झाल्या. वडील वर्षातील बराच काळ दौऱ्यावर असत. त्यातच गोळ्यांचे व्यसन जडले. अखेर संसार मोडला आणि १९६८ साली जॉनी यांनी गायिका जून कार्टर यांच्याशी विवाह केला. मुली कॅलिफोर्नियात आईपाशी, आईच्या कॅथलिक श्रद्धेत वाढल्या. रोझॅनच्या कानावर त्या काळी संस्कार झाले ते बीटल्सच्या गाण्यांचे. वडिलांच्या मातीतले संगीत तिला जवळजवळ परकेच होते.

शालान्त शिक्षण संपताच ती वडिलांबरोबर दौऱ्यावर निघाली. प्रवासात वडिलांनी एका गाण्याचा उल्लेख केला. तिला ते ठाऊक नव्हते. दुसरे विचारले, तेही ठाऊक नव्हते. आपली मुलगी गीतकार होऊ पाहते आणि आपल्याच परंपरेविषयी ती अनभिज्ञ आहे, हे जाणून जॉनी अस्वस्थ झाले. त्यांनी त्या दिवशी बसून शंभर गाण्यांची यादी केली आणि ती तिच्या हाती दिली. हे तुझे शिक्षण, एवढाच त्यामागील आशय होता.

रोझॅन ती गाणी शिकली. परंतु यादी तिने जपून ठेवली, गायली नाही. वडिलांच्या पुण्याईवर मोठे होणे तिला नको होते. १९८१ साली ‘सेव्हन इयर एक’ या स्वरचित गीताने ती कंट्री संगीताच्या अग्रस्थानी पोहोचली. १९९१ च्या सुमारास नॅशव्हिल सोडून ती न्यूयॉर्कला गेली. स्वतःचा आवाज आधी सिद्ध करावा आणि मगच वारशाला हात लावावा, असा तो बाणा होता.

मग मृत्यूंची रांग लागली. २००३ च्या मे महिन्यात जून कार्टर आणि सप्टेंबरात जॉनी कॅश निवर्तले. २००५ साली रोझॅनच्या पन्नासाव्या वाढदिवशीच आईने देह ठेवला. हा शोक २००६ च्या ‘ब्लॅक कॅडिलॅक’ या अल्बममध्ये उतरला. त्याच्या कार्यक्रमांत ती यादीची हकिकत सांगू लागली, तेव्हा श्रोते त्या यादीविषयी विचारणा करू लागले. २००७ साली तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यातून बरी झाल्यावर पती जॉन लेव्हेंथल यांच्या संगीतनियोजनाखाली तिने ‘द लिस्ट’ हाती घेतला.

या अल्बममध्ये बारा गाणी आहेत आणि त्यांतील एकही जॉनी कॅश यांनी रचलेले नाही! पित्याला वाहिलेल्या आदरांजलीत पित्याचीच रचना नसावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण मर्म तेथेच आहे. येथे कार्टर कुटुंबाने १९२७ साली ब्रिस्टॉल येथे ध्वनिमुद्रित केलेले गीत आहे. जिमी रॉजर्स आणि हँक विल्यम्स यांनी गाजवलेली गाणी आहेत. कृष्णवर्णीयांच्या ब्लूज परंपरेतून आलेले अनाथ लेकरांचे गाणे आहे. बॉब डिलन यांचीही रचना आहे. बापाने मुलीला आपली थोरवी दिली नाही. ज्या अनेकांच्या खांद्यांवर आपण उभे आहोत त्यांची ओळख करून दिली. २०१० साली या अल्बमला अमेरिकाना संगीताच्या क्षेत्रातील वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून गौरवण्यात आले.

मुलीच्या बालपणी पित्याला जो सहवास देता आला नाही, तो एका दिवसाच्या लेखनाने भरून निघणारा नव्हता. तरीही त्या कागदाचे मोल कमी होत नाही. ज्याला आपल्या लेकरांना फारसा वेळ देता आला नाही, अशा माणसाने आपल्यापाशी असलेले सर्वात मौलिक असे काही वेचून, क्रम लावून, तिच्या ओंजळीत घातले. मुलीनेही ते आंधळेपणाने स्वीकारले नाही की रागाने भिरकावले नाही. स्वतःच्या पायांवर उभी राहिल्यावर ती त्याकडे वळली. वारसा देणाऱ्याच्या हातून एका दिवसात सुटतो. घेणाऱ्याच्या हाती तो पोहोचायला कधी कधी अर्धे आयुष्य लागते.