कलम नऊ

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाबांना गावाकडच्या जमिनीच्या एका कामासाठी सातबारा हवा होता. मी रुबाबात लॅपटॉप उघडला, पंधरा रुपये भरले आणि पाच मिनिटांत डिजिटल सहीचा उतारा छापून त्यांच्या हातात ठेवला. "बघा बाबा, याच कागदासाठी तुम्ही एसटीचे धक्के खात तीन-तीन खेपा घालायचात!" बाबा खूश. मी त्यांच्याहून खूश.

सोमवारी रजा टाकून आम्ही दोघं तो कागद घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो. टेबलापलीकडच्या माणसाने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे ऑनलाइनवालं नको. तलाठ्याचा सही-शिक्का आणा." मी क्यूआर कोड दाखवला. डिजिटल सही शाईच्या सहीपेक्षा भक्कम कशी, यावर एक छोटं व्याख्यान दिलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर असेल हो. पण आमच्याकडे हे चालत नाही."

संपला विषय.

घरी आल्यावर मी तावातावाने माहिती तंत्रज्ञान कायदा उघडला. म्हटलं, कलमच शोधून काढतो आणि तोंडावर मारतो. कलम सापडलंही, पण भलतंच. २००० सालच्या या कायद्याचं चौथं आणि पाचवं कलम इलेक्ट्रॉनिक कागदाला आणि सहीला मान्यता देतं. सहावं कलम सरकारी कामात त्यांचा वापर करायची मुभा देतं. आणि नववं कलम म्हणतं की, या मुभेमुळे कुठल्याही सरकारी खात्याने इलेक्ट्रॉनिक कागद स्वीकारलाच पाहिजे किंवा दिलाच पाहिजे, असा आग्रह धरायचा हक्क कोणालाही मिळत नाही.

दोनदा वाचलं. म्हणजे कागद वैध, सही वैध, पण "घ्याच" म्हणायचा अधिकार मात्र या कायद्याने आपल्याला दिलेला नाही. आता सातबाऱ्याबाबत राज्य सरकारचे वेगळे आदेश आहेत, त्यामुळे वरपर्यंत भांडलो असतो तर जिंकलोही असतो कदाचित. पण माझं डोकं त्या कलमातच अडकलं. गेले तीन-चार वीकेंड मी सरकारच्या डिजिटल स्वप्नाचा मागोवा घेत बसलोय. त्यातून जे हाती लागलं ते असं.

सुरुवात १९७६ ला होते. त्या वर्षी नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसी स्थापन झालं. डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने ऐंशीच्या दशकात उपग्रहाच्या मदतीने जिल्ह्याजिल्ह्यापर्यंत जाळं नेलं. त्या काळाच्या मानाने हे काम अफाट होतं. पण त्याचा हेतू काय, तर जिल्ह्यातली आकडेवारी दिल्लीला पोचवणं. माहिती खालून वर जायची. त्या चित्रात तुम्ही-आम्ही कुठेच नव्हतो.

सामान्य माणसाला सरकारी कॉम्प्युटर पहिल्यांदा भेटला तो रेल्वेच्या खिडकीत. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने ती प्रणाली बनवली होती. त्याआधी प्रत्येक गाडीचं वेगळं रजिस्टर असायचं आणि आपली खिडकी कोणती हे शोधण्यातच अर्धा दिवस जायचा. आता कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळायला लागलं. पुढे १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. २००२ मध्ये तिकीट इंटरनेटवरून काढता यायला लागलं, पण गंमत म्हणजे ते कुरिअरने घरी यायचं! स्वतः छापायचं ई-तिकीट आलं २००५ मध्ये.

हे जमलं त्यामागे एक साधी गोष्ट होती. जिथे कॉम्प्युटर आला तिथे जुनं रजिस्टर बंद झालं. "कॉम्प्युटरवालं तिकीट नको, हाताने लिहिलेलं आणा," असं म्हणायची सोयच तिकीट तपासनिसाकडे उरली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या बाजूला टेलिफोन. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि सॅम पित्रोदांच्या मंडळींनी एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालणारं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्याच्या जोडीने गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड आले. घरोघरी फोन देणं परवडणारं नव्हतं, म्हणून फोनजवळ एक माणूस बसवायचा आणि गावाने तिथे यायचं. ही कल्पना दिल्लीला इतकी आवडली की १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात याच पीसीओंचं रूपांतर माहिती केंद्रांत करायचं असं लिहिलं गेलं. आजचं सेवा केंद्र हे त्या पिवळ्या बोर्डाचंच नातवंड आहे.

हा प्रयोग सर्वांत आधी जिथे झाला त्या ठिकाणांपैकी एक आपल्याच वारणेच्या काठावर आहे. १९९८ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं आणि त्याच वर्षी कोल्हापूर-सांगली भागातल्या ७० गावांत 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पैसे केंद्राचे, राज्याचे आणि वारणा सहकारी समूहाचे. काम एनआयसीचं. पन्नासहून अधिक केंद्रं उभी राहिली. स्वप्न मोठं होतं: शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, शेतीचा सल्ला, जमिनीचे उतारे, सरकारी योजना, सगळं मिळणार.

प्रत्यक्षात काय टिकलं? काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं, तर कॉम्प्युटरचा वापर मुख्यतः उसाच्या व्यवहारासाठी होत होता. ऊस किती भरला, खत किती उचललं, तोड कधी आहे, हे पाहण्यासाठी. मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटर काढून हेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. तेही चाललं.

यावरून "खेड्यात कॉम्प्युटर चालत नाही" असा निष्कर्ष काढणारे होते. मला त्यात वेगळंच दिसतं. उसाच्या वजनाचा आकडा चालला, कारण तो आकडा कारखाना मानत होता. शेतकऱ्याचे पैसे त्या आकड्यावर निघत होते. पडद्यावर दिसणाऱ्या माहितीला किंमत येते ती तिच्या मागे उभं राहणाऱ्या माणसामुळे.

वारणेनंतर दोनच वर्षांनी माहिती तंत्रज्ञान कायदा आला. १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला आणि त्यात आपलं हे नववं कलम होतं. त्या काळाचा विचार केला तर ते अगदीच चुकीचं नव्हतं. बहुतेक तालुक्यांच्या कचेऱ्यांत कॉम्प्युटर नव्हते, असले तर वीज नव्हती. उद्या कोणी फ्लॉपी घेऊन तहसीलदारासमोर उभा राहिला आणि "घ्या माझा अर्ज" म्हणाला तर काय करायचं? म्हणून खात्यांना तात्पुरती पळवाट ठेवली. आपण नाही का कोडमध्ये एखादी तात्पुरती तडजोड करून "नंतर काढून टाकू" अशी कॉमेंट लिहून ठेवत? ती कॉमेंट किती वर्षं टिकते हे तुम्हाला ठाऊक आहेच. :)

याच सुमारास शेजारी कर्नाटकात उलटा प्रयोग झाला. 'भूमी' प्रकल्पात सुमारे २ कोटी जमीन नोंदी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा द्यायला सुरुवात केली. खरी मेख पुढे आहे. ज्या तालुक्याचं काम पूर्ण होईल तिथे हाताने लिहिलेला उतारा अवैध ठरवला. म्हणजे रेल्वेच्या रजिस्टरसारखंच! "तलाठ्याचा शिक्का आणा" म्हणायला जागाच ठेवली नाही. त्याची किंमतही होती. पूर्वी गावात मिळणाऱ्या कागदासाठी आता तालुक्याला जावं लागे. पण मिळालेला कागद सगळीकडे चालत होता.

केंद्र सरकारने यातलं काय उचललं? खिडक्या उचलल्या. १८ मे २००६ ला राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर झाली. २७ मोठे प्रकल्प आणि ६ लाख गावांसाठी १ लाख सेवा केंद्रं. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचं ठरलं. मुदत दोन वर्षांची होती, पण पहिल्या लाखभर पंचायतींचा टप्पा व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तोवर योजनेचं नाव भारतनेट झालं होतं आणि १ जुलै २०१५ पासून सगळ्यावर डिजिटल इंडियाची मोठी छत्री आली होती.

हक्काच्या बाजूने एकदा प्रयत्न झाला, हे मला माहीत नव्हतं. डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत इलेक्ट्रॉनिक सेवा वितरण विधेयक मांडलं गेलं. प्रत्येक खात्याने ठरावीक वर्षांत आपल्या सेवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिल्याच पाहिजेत आणि तक्रार ऐकायला वेगळे आयोग, असं त्यात होतं. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेलं. आपल्या राज्यात २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. काम वेळेत झालं नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. हे चांगलंच आहे, पण तो हक्क वेळेचा आहे.

म्हणून मग एकेका कागदाची लढाई वेगळी लढावी लागली. डिजिलॉकर आला २०१५ मध्ये. त्यातला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे हे नियमात लिहायला २०१७ चा फेब्रुवारी आला. तरी चौकातला हवालदार मोबाइलवरचं लायसन मानेना, म्हणून ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाला राज्यांना वेगळं पत्र लिहावं लागलं.

इथपर्यंत मी नववं कलम म्हणजे फक्त आपल्यावरचा अन्याय असं समजत होतो. मग २०२१ चा मे महिना आठवला.

१ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी कोविनवर नोंदणी सक्तीची. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या फक्त १५ टक्के घरांत इंटरनेट होतं, शहरांत ४२ टक्के. कोविनवर मराठी यायला जून उजाडला. आणि आम्ही काय करत होतो? आम्ही स्क्रिप्ट लिहीत होतो. दर काही सेकंदांनी स्लॉट तपासायचा, दिसला की अलार्म. माझ्या स्क्रिप्टला पुण्यापासून तासाभरावरच्या एका गावात स्लॉट सापडला. गाडी काढून गेलो, लस घेतली, परत आलो. त्या आरोग्य केंद्राबाहेर एक बाई पोराला घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याच गावातलं केंद्र, पण यादीत नाव नाही. नोंदणी कशी करायची ते त्या मला विचारत होत्या. मी सांगितलं, पण त्या दिवसाचे स्लॉट संपलेले होते. त्यातला एक मीच घेतला होता.

२४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची परवानगी आली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवलं.

म्हणजे बघा, नागरिक सरकारला "ऑनलाइन घ्याच" म्हणू शकत नाही. सरकार मात्र नागरिकाला "ऑनलाइनच या" म्हणू शकतं. रस्ता एकच आहे आणि तो एकेरी आहे. आपल्यासारख्यांना हे जाणवत नाही, कारण एकीकडे अडलं तर आपल्याकडे रजा आहे आणि दुसरीकडे अडलं तर स्क्रिप्ट आहे.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना डिजिटल केवायसी करताना येणाऱ्या अडचणींचा तो खटला होता. डोळ्यांची उघडझाप करा असं सांगणारं ॲप, आणि ती करू न शकणारा माणूस. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. १९७६ पासून मोजलं तर जवळजवळ पन्नास वर्षं. आधी यंत्र आलं, मग तार, मग खिडकी, मग ॲप. हक्क सगळ्यात शेवटी यायला लागलाय.

सातबाऱ्याचं म्हणाल तर बाबा माझं भांडण संपायची वाट बघत बसले नाहीत. गुरुवारी एसटीने गेले, सही-शिक्का घेऊन आले. मी पुढच्या वेळेसाठी एकच गोष्ट ठरवलीय. "चालत नाही" असं कोणी म्हटलं तर व्याख्यान द्यायचं नाही. नम्रपणे म्हणायचं, "बरं साहेब, एवढंच या कागदावर लिहून द्या." तुम्हीही करून बघा.

आणि आपण जे ॲप लिहितो त्यात त्या आरोग्य केंद्राबाहेरच्या बाईंसाठी दुसरं दार आहे का, तेही एकदा बघा. मी माझ्या टीममध्ये सोमवारी विचारणार आहे.