पंखा आधीच सुरू करा!

"टीव्ही फार तापतोय" असं कोणी म्हटलं की हल्ली पहिला सल्ला ठरलेला असतो: "फर्मवेअर अपडेट मारून बघ." आणि तो अपडेट आधीच मारलेला असेल तर निदान ठरलेलं असतं, "मग त्या अपडेटनंच तापतोय!" गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी शक्य आहेत. प्रोसेसर किती वेगानं पळवायचा, त्याला व्होल्टेज किती द्यायचं, पडद्यामागच्या एलईडींना करंट किती सोडायचा, हे सगळं आतला कोड ठरवतो. म्हणजे उष्णता कमी-जास्त करणं सॉफ्टवेअरच्या हातात आहेच. पण बिघाड कोडमध्ये नसून धातूत असेल तर? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला टीव्हीपेक्षा लॅपटॉपचा इतिहास जास्त उपयोगी वाटतो, कारण तिथे हे प्रकरण थेट कोर्टापर्यंत गेलं होतं.

आधी जरा मागे जाऊ. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या साइटनं एक व्हिडिओ टाकला होता. चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक सरळ उचलून काढायचा आणि काय होतं ते बघायचं. एएमडीचा अ‍ॅथलॉन क्षणात जळाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र नुसता मंदावला, गेम अडखळत का होईना चालू राहिला. पेंटियम ४ मध्ये तापमान पाहून स्वतःचा वेग कमी करण्याची सोय होती. तो व्हिडिओ तेव्हा खूप फिरला. त्यानंतर "चिप स्वतःची काळजी घेते" ही समजूत पक्की झाली, आणि ती बऱ्याच अंशी खरीही होती.

आता २००७. एचपीचे डीव्ही २०००, डीव्ही ६०००, डीव्ही ९००० आणि कॉम्पॅकचे व्ही ३०००, व्ही ६००० हे लॅपटॉप आपल्याकडेही भरपूर खपले होते. यातली एनव्हिडियाच्या चिप असलेली काही मॉडेल्स वर्ष-दीड वर्षात मरायला लागली. पडदा काळा, नाहीतर पडद्यावर रेघा, नाहीतर वाय-फायच गायब. एचपीनं नोव्हेंबर २००७ मध्ये काही मॉडेल्सची वॉरंटी वाढवली आणि सोबत एक बायॉस अपडेट दिला. त्या अपडेटमध्ये काय होतं? तर लॅपटॉप चालू असेपर्यंत पंखा हळू आवाजात सतत फिरत ठेवायचा. बस्स. एचपीनं त्याला 'प्रतिबंधात्मक' म्हटलं होतं.

मग २ जुलै २००८ रोजी एनव्हिडियानं जाहीर केलं की काही जुन्या चिप्समध्ये चिप आणि पॅकेज यांच्या मटेरियलची जोडी कमकुवत आहे आणि त्यापायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवतोय. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास तीस टक्क्यांनी आपटला. त्याच निवेदनात कंपनीनं लॅपटॉपच्या थर्मल डिझाइनकडे आणि ग्राहकांच्या वापराच्या पद्धतीकडेही बोट दाखवलं होतं (ग्राहकांचा वापर म्हणजे काय, तर लॅपटॉप चालू करणं आणि बंद करणं!). आणि उपाय? मशीन सुरू होताक्षणी पंखा सुरू करणारा एक ड्रायव्हर डाउनलोडला ठेवला. त्याच महिन्यात डेलनंही एक्सपीएस एम १३३०, लॅटिट्यूड डी ६३० वगैरे मॉडेल्ससाठी पंख्याचं गणित बदलणारे बायॉस अपडेट काढले.

तीन कंपन्या आणि औषध एकच, पंखा आधी सुरू करा. असं का, हे समजायला आत काय होत होतं ते पाहावं लागेल.

सिलिकॉनची चिप थेट मदरबोर्डवर बसत नाही. ती एका छोट्या प्लास्टिकसदृश पाटीवर, सोल्डरच्या शेकडो सूक्ष्म थेंबांवर उलटी बसवलेली असते. तापल्यावर सिलिकॉन अगदी थोडं प्रसरण पावतं आणि खालची पाटी त्याच्या पाच-सहा पट. मधल्या मधे ओढाताण होते ती त्या थेंबांची. म्हणून चिपखाली एक राळेसारखा चिकट पदार्थ भरतात, त्याला अंडरफिल म्हणतात. तो घट्ट राहून ताण वाटून घेतो. पण प्रत्येक अंडरफिल एका ठराविक तापमानाला मऊ पडतो. तो मऊ पडला की सगळा भार थेंबांवर. लोखंडी तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पण इकडून तिकडे वाकवत राहिलात की तुटते ना? अगदी तसंच. चिप 'जळत' नव्हती. तापणं-थंडावणं, तापणं-थंडावणं, अशा शेकडो फेऱ्यांनंतर एक थेंब तडकायचा आणि खेळ खलास. पेंटियम ४ ची ती स्वतःची काळजी घेण्याची युक्ती इथे कुचकामी, कारण तापमान धोक्याच्या रेषेपर्यंत पोचतच नव्हतं.

आता पंखा आधीपासून फिरवला की काय होतं बघा. कमाल तापमान थोडं उतरतं, चढउतार लहान होतो, राळ घट्ट राहण्याची शक्यता वाढते. म्हणजे इंजिनियरिंगच्या दृष्टीनं उपाय अजिबात खोटा नव्हता. पण एकही तडकलेला थेंब त्यानं सांधला जात नाही, आणि कमकुवत मटेरियल कमकुवतच राहतं. फक्त मरण लांबतं. 'द इन्क्वायरर'चा चार्ली डेमर्जियन तेव्हा हेच ओरडून सांगत होता, की हे वॉरंटी संपेपर्यंत तग धरायचं औषध आहे. त्याची भाषा नेहमीच तिखट असायची, पण मला त्याचा हा मुद्दा पटतो. पंखा सतत फिरला की बॅटरी लवकर संपते, आवाज येतो, पंखाही झिजतो. चूक कारखान्यातली आणि हप्ता ग्राहकानं भरायचा.

आपल्याकडे याचा वेगळाच अध्याय घडला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, या चिपला हीट गननं शेक देणं किंवा 'रीबॉलिंग' करणं हा दुरुस्तीवाल्यांचा नेहमीचा धंदा झाला. रीबॉलिंगमध्ये पाटीच्या खालचे, मदरबोर्डकडचे सोल्डरचे गोळे बदलतात. बिघाड मात्र त्याच्या वरच्या थरात! तरी लॅपटॉप चालू व्हायचा, कारण शेक दिल्यावर तडकलेला थेंब पुन्हा टेकायचा. काही आठवड्यांनी परत येरे माझ्या मागल्या.

अमेरिकेत खटला झाला, २०१० मध्ये तडजोड झाली. डेल आणि अ‍ॅपलवाल्यांना दुरुस्ती, एचपीवाल्यांना बदली म्हणून कॉम्पॅकचा एक साधा सीक्यू ५६. महागडा लॅपटॉप घेतलेले लोक यावर भडकले, परत कोर्टात गेले, पण कोर्टानं तडजोड कायम ठेवली. ही भरपाई अमेरिकेत खरेदी केलेल्यांसाठीच होती. भारतातल्यांसाठी हीट गन.

एक्सबॉक्स ३६० ची गोष्टही याच घराण्यातली. २००५ मध्ये आलेल्या या यंत्रावर तीन लाल दिवे लागले की ते गेलं समजायचं. लोक टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे, मग ते थोडे दिवस चालायचं! मायक्रोसॉफ्टनं जुलै २००७ मध्ये यासाठी वॉरंटी तीन वर्षं केली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च मान्य केला. खरं कारण मात्र त्यांनी मोकळेपणानं सांगितलं ते २०२१ च्या माहितीपटात: तापण्या-थंडावण्यानं चिपच्या पॅकेजमधले जोड तुटत होते.

उलट उदाहरणही द्यायला हवं. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो तापतोय म्हणून बोंब झाली. त्यात आयओएस १७ मधला एक बग आणि काही अ‍ॅप्स दोषी निघाली. ऑक्टोबरमध्ये १७.०.३ आलं, विषय संपला. चूक कोडमध्ये होती, कोडनं निस्तरली.

सोनीच्या ब्राव्हिया टीव्हींचं तसं नव्हतं. २०११ मध्ये सोळा लाख टीव्हींबद्दल सोनीला जाहीर करावं लागलं की आतला एक भाग तापून वितळू शकतो. तिथे पेन ड्राइव्हनं काय होणार? तो भागच बघावा लागतो.

आणि जिथे धातूचा दोष कोडनं झाकताच येत नाही, तिथे कोडचा शेवटचा उपयोग कसा होतो ते २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ नं दाखवलं. बॅटरी पेट घेत होत्या. सॅमसंगनं आधी कोरियात चार्जिंग साठ टक्क्यांवर थांबवणारा अपडेट सोडला. मग बदलून दिलेले फोनही पेटले आणि उत्पादनच बंद झालं. तरी काही लोक फोन परत करेनात. तेव्हा डिसेंबरमध्ये अमेरिकेसाठी असा अपडेट निघाला की फोन चार्जच होऊ नये. व्हेरायझननं तो पाठवायला सुरुवातीला चक्क नकार दिला. ऐन नाताळात प्रवासातल्या माणसाला मदतीसाठी फोन करता आला नाही तर, हे त्यांचं म्हणणं. सुट्ट्या संपल्यावर, जानेवारी २०१७ मध्ये, त्यांनीही तो पाठवला.