कौलप्रसाद : अर्थ, विधी आणि मर्यादा

गोमंतकातील देवालयांत अभिषेक, लघुरुद्र, कुंकुमार्चन, ओटी, पालखी इत्यादी सेवा भाविक आपापल्या श्रद्धेनुसार रुजू करतात. या सेवांत भक्त श्रींच्या चरणी काही अर्पण करतो. कौलप्रसादाचे स्वरूप मात्र निराळे आहे. येथे भक्त आपला संशय श्रींपुढे ठेवतो आणि श्रींचा शब्द शिरोधार्य मानून परततो. या विधीविषयी भाविकांकडून वारंवार विचारणा होत असल्याने पुढील माहिती देत आहोत.

शब्दाचा अर्थ

'कौल' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ वचन किंवा दिलेला शब्द असा आहे. मराठेशाहीत उजाड गाव पुन्हा वसविताना अथवा पडीक जमीन लागवडीस देताना सरकार रयतेला जे अभयपत्र देई, त्यास कौल किंवा कौलनामा म्हणत. त्यात आश्वासन असे, तशा अटीही असत. देवाच्या कौलातही हे दोन्ही आहे. निवडणुकीतील 'जनतेचा कौल' हाही याच शब्दाचा विस्तार होय.

विधी

प्रातःकाळची पूजा आटोपल्यावर भाविकाने शुचिर्भूत होऊन श्रीफळ व विडा ठेवावा आणि आपले सांगणे पुजाऱ्यांकडे स्पष्ट शब्दांत मांडावे. पुजारी फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या उजव्या व डाव्या अंगास लावतात आणि भाविकाच्या वतीने गाऱ्हाणे घालतात. उजवी पाकळी आधी पडल्यास 'उजवा कौल', म्हणजे अनुमती. डावी पडल्यास 'डावा कौल', म्हणजे नकार अथवा थांबण्याची सूचना मानली जाते. येथे उजवी बाजू म्हणजे मूर्तीची उजवी, पाहणाऱ्याची नव्हे. पाकळ्यांची संख्या व त्या लावण्याच्या जागा देवालयागणिक भिन्न आहेत. कोकणात काही ठिकाणी यालाच 'कळे लावणे' म्हणतात.

कौल कशासाठी घ्यावा

विवाहाची सोयरीक, नव्या घराची पायाभरणी, राहून गेलेला नवस अशा प्रसंगी कौल घेण्याची परंपरा आहे. कर्नाटक व केरळात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले कुळावीही मंगलकार्यापूर्वी यासाठी कुलदेवतेकडे येतात. जीर्णोद्धारासारख्या मोठ्या कार्यात देवस्थानेही आधी श्रींची अनुमती घेतात.

मर्यादा

ओली पाकळी सुकली की सुटते, हे आम्हीही जाणतो. त्यामुळे कौलाचे महत्त्व कमी होते, असे आम्हांस वाटत नाही. दोन्ही वाटा योग्य दिसत असताना जो अडखळला आहे, त्याला एक वाट निःशंक मनाने धरता यावी, हेच कौलाचे खरे फळ. परंतु म्हणूनच ज्या प्रश्नाचे उत्तर चौकशीने, पुराव्याने किंवा वैद्यकाने मिळावयाचे, तो प्रश्न पाकळीवर सोपविणे उचित नाही.

पुढील पथ्ये भाविकांनी कृपया पाळावीत :

१. प्रश्न एकच असावा आणि त्याचे उत्तर होय अथवा नाही असे देता यावे.

२. डावा कौल मिळाल्यावर उजवा मिळेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नये. मनाजोगते उत्तरच हवे असेल, तर विचारण्यात अर्थ उरत नाही.

३. चोरी कोणी केली, करणी कोणी केली, असे प्रश्न विचारू नयेत. ज्याचे नाव घेतले जाते तो आपली बाजू मांडावयास गाभाऱ्यासमोर नसतो. पाकळी क्षणात पडते. परंतु त्यातून गावात उठलेला बोल पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नाही आणि शेजारची घरे कायमची दुरावतात.

४. औषध घ्यावे की नाही, शस्त्रक्रिया करावी की नाही, हे वैद्यांना विचारावे. रुग्णासाठी श्रींकडे आरोग्य व धैर्य मागावे. उपचार मात्र कौलासाठी थांबवू नयेत.

५. भावाभावांतील वाटणीचा वाद असल्यास आधी उभयतांनी एकत्र बसावे. एकाने दुसऱ्याच्या पाठीमागे घेतलेला कौल दुसऱ्यावर बंधनकारक मानू नये.

कौल उजवा असो वा डावा, प्रसाद म्हणून मिळालेले फूल सारख्याच आदराने मस्तकी लावण्याची आपली रीत आहे. तिच्यातील भाव ध्यानी घेऊन भाविकांनी ही सेवा करावी, ही नम्र विनंती. श्रींची कृपादृष्टी सर्वांवर अखंड राहो, हीच प्रार्थना.