साल्झबुर्गचा गड आणि दोराची वाट

काही वर्षांपूर्वी युनियनच्या कामासाठी आम्ही जर्मनीत म्युनिकला गेलो होतो. एक रविवार मोकळा सापडला. आगगाडीने दोन तासांत ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग गाठता येते, असे कळल्यावर आम्ही डबा बांधून निघालो. लोक तेथे मोझार्टचे घर पाहावयास जातात. आम्हांला संगीतातले फारसे कळत नाही. आम्ही गड पाहावयास गेलो.

साल्झ म्हणजे मीठ. जवळच्या हालाइनच्या डोंगरातले मीठ होड्यांनी नदीवाटे जाई आणि त्याचा पैसा येथल्या आर्चबिशपांच्या पेटीत पडे. हे धर्मगुरूच येथले राजे. १०७७ साली गेबहार्टने टेकडीवर तटाचे काम काढले. आज दिसणारा गड पुष्कळसा लिओनहार्ट फोन कॉइचाखच्या कारकिर्दीतला, १४९५ ते १५१९ मधला. शहर बादशहाच्या थेट अमलाखाली जाऊ पाहत होते, म्हणून या गृहस्थाने १५११ साली नगरप्रमुखाला व पंचांना जेवायला बोलावले आणि कैद केले. मालकाने चहाला बोलावले की आमच्या जुन्या पुढाऱ्यांच्या पोटात गोळा का येई, ते आम्हांला येथे पटले.

वर जायला १८९२ पासून दोराची गाडी आहे. आम्ही पायी चढलो, कारण पाहायची होती ती दुसरीच गाडी. नॉनबेर्गच्या मठाकडून एक सरळ उभी वाट तटांचे दरवाजे ओलांडीत वर जाते. हिचे नाव राइसत्सुग. १५१५ सालच्या लिखाणात हिचा उल्लेख आहे. तेव्हा रूळ लाकडी, दोर भांगेच्या झाडाच्या वाखाचा, आणि वर रहाट फिरवायला माणसे नाहीतर जनावरे. आता पोलादी रूळ, तारेचा दोर आणि विजेची मोटर. माल मात्र अजून याच वाटेने चढतो. गड बांधणाऱ्याचे नाव दगडावर आहे. रहाट ओढणाऱ्यांचे कोठे आढळले नाही.

पण ही माणसे नुसती ओढतच राहिली असे नाही. १५२५ साली शेतकरी आणि गास्टाइनच्या खाणींतले कामगार एक झाले, जुलूम व करांविरुद्ध २४ कलमांचे मागणीपत्र निघाले, आणि आर्चबिशप माथेउस लांग याच गडात सुमारे तीन महिने कोंडला गेला. खाणकामगारांपाशी सुरुंगाची विद्या होती, पण तट पडला नाही. अखेर स्वाबियन संघाचे सैन्य आले व तडजोड झाली. १५२६ साली पुन्हा उठाव झाला. मिखाएल गाइसमायरचा राडश्टाटचा वेढा फसला आणि मग सूड उगवला गेला. आमच्या मते चूक पहिल्या वर्षीच झाली: तडजोड झाली, पण ती पाळवून घेण्याची ताकद हातची गेली.

आमच्या वाटाड्याने वेढ्याची म्हणून एक दंतकथा सांगितली. गडावर एकच बैल उरला होता. तो रोज निराळ्या रंगात रंगवून तटावर फिरवीत, म्हणजे शत्रूला वाटावे की अन्न मुबलक आहे. बैलाइतकीच त्याने गोष्टही रंगवली. आम्ही २४ कलमांविषयी विचारले, तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिले.

उतरताना मठाजवळ ते रूळ पुन्हा दिसले. आम्ही भिंतीपाशी बसून उरलेली भाकरी खाल्ली आणि सहाची गाडी धरली.