विषाणू झाला हमाल



जन्मापासून ऐकू न येणारं मूल घरात आलं की पहिलं बोट आईकडे जातं. ‘ग्रहण पाळलं नसशील’, ‘नको ते खाल्लं असशील’. हे बोट किती चुकीचं, ते आज एका शोधाच्या इतिहासातून सांगते.

आपल्या पेशींमध्ये जनुकं असतात. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची लिहून ठेवलेली कृती. कानाच्या आतल्या पेशींत रसायनाच्या बारीक पुड्या भरलेल्या असतात. आवाज आला की त्या मेंदूकडे जाणाऱ्या नसेपाशी रित्या होतात, तेव्हा आपल्याला ऐकू येतं. हे काम ओटोफर्लिन नावाचं प्रथिन करतं. ते नसलं तर डेअरीच्या दारात दुधाचे कॅन भरून उभे, पण ओतून घेणारं कुणी नाही, अशी गत होते.

ओटोफर्लिनचं जनुक १९९९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या क्रिस्टीन पेटी यांच्या गटाने शोधलं, लेबनॉनमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून. त्यातून कळलं ते असं : सदोष जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असं दोन्हींकडून आलं तरच मूल बहिरं होतं. आईवडिलांना स्वतःला चांगलं ऐकू येतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नांत असं जुळून येण्याची शक्यता वाढते. मग दोष एकट्या आईचा कसा?

आता चांगलं जनुक पेशीत पोचवायचं कसं? पेशीत शिरण्यात विषाणू पटाईत. शास्त्रज्ञांनी त्याचा रोग पसरवणारा मजकूर काढला आणि त्या जागी हवं ते जनुक भरलं. प्रयोगशाळेत अशाच रीतीने पेशींकडून एखादं प्रथिन भरपूर बनवून घेतात आणि त्याचं काम तपासतात. १९६५ साली अमेरिकेत एक इवलासा विषाणू सापडला होता, त्याला एएव्ही म्हणतात. त्याने माणसाला कुठला आजार झाल्याचं माहीत नाही. म्हणून तो हमाल म्हणून आवडता झाला.

पण ही वाट सोपी नव्हती. त्याच १९९९ साली अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दुसऱ्या एका विषाणूच्या चाचणीत दगावला. आधीच्या प्रयोगात माकडं मेल्याची माहिती त्याच्या संमतीपत्रात नव्हती, हे नंतर उघड झालं. त्यानंतर नियम कडक झाले.

ओटोफर्लिनची आणखी एक अडचण होती. एएव्हीच्या पाठीवर सुमारे ४,७०० अक्षरांचं ओझं मावतं आणि हे जनुक सुमारे ६,००० अक्षरांचं. मग त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंवर लादले. पेशीत गेल्यावर ते जोडले गेले. २०१९ साली बहिऱ्या उंदरांना असं ऐकू आलं. पुढे चीनमधल्या शांघायमध्ये सहा मुलांच्या एकेका कानात हे औषध दिलं. पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. २०२४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ मासिकात हे छापून आलं.

हा उपाय सगळ्या बहिरेपणावर नाही, फक्त या एका जनुकाच्या दोषावर आहे. त्यामुळे ‘इंजेक्शनने बहिरेपण घालवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आपल्या हातात आहे ती लवकर तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. बाळ आवाजाला दचकत नसेल, तर त्यांची वाटही पाहू नका, थेट आरोग्य केंद्रात न्या.

कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो पूर्ण वाचून घ्या, समजलं नाही तर विचारा. बचत गटाच्या वहीवर सही करताना आपण हिशेब तपासतोच ना?